भांगेतली तुळस

दर दिवाळीला या पानावर मी एखादी म्हण घेऊन बसतो. नेहमीच्या वाचकांना माझी ही खोड ठाऊक आहे. म्हण घ्यावी, ती उलगडावी, दोन-चार घरगुती गोष्टी सांगाव्यात आणि वाचकांना फराळाकडे जायला मोकळे करावे, असा आजवरचा रिवाज. यंदाची म्हण मात्र मी निवडलेली नाही. तिनेच मला गाठले आणि या मास्तराला दोन महिने अंगठे धरून उभे केले.

म्हण आहे 'भांगेत तुळस'. वाईट घरात चांगले माणूस निपजले की आपण असे म्हणतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात हीच म्हण शिकवीत होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत मी हिरण्यकशिपूच्या पोटी आलेल्या प्रल्हादाचे उदाहरण देऊन चांगला रंगात आलो होतो. "भांग म्हणजे नशेचं झाड आणि तुळस म्हणजे अंगणातलं पावित्र्य. या दोघींची गाठ पडणं अशक्य, म्हणून तर म्हणीला धार आहे," असे मी म्हणालो आणि समाधानाने चष्मा पुसू लागलो. तोच दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पण भांगेत तुळस खरीच असते."

वर्ग हसला. मीही हसलो, पण ती हसली नाही. "माझी ताई फार्मसीला आहे. ती सांगत होती, तुळशीतलं एक द्रव्य भांगेतही असतं. आणि त्याची नशा चढत नाही."

मास्तरांना वर्गात निरुत्तर होण्याची सवय नसते. "उद्या घेऊन ये, पाहू," असे म्हणून मी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच छापील कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. मराठीत एम.ए. झालेल्या माणसाने रसायनशास्त्राचे कागद वाचणे म्हणजे पोहता न येणाऱ्याने रामकुंडात उडी मारणे. पण शिक्षकांच्या खोलीत रसायनशास्त्राचे एक सहकारी माझ्या शेजारीच बसतात. आठवडाभर त्यांचा चहा माझ्याकडे लागला आणि मला जे समजले ते असे.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने ती भांग, मादी झाडाचे फुललेले शेंडे तो गांजा आणि त्यांवरची चिकट राळ तो चरस. आपला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदासुद्धा हा भेद मानतो. शेंड्यांवाचूनची नुसती पाने आणि बिया त्याने गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. या झाडात शेकडो द्रव्ये आहेत. त्यांतले नशा चढविणारे मुख्य द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. नाव उच्चारताना दात हलू लागतात, म्हणून शास्त्रज्ञही त्याला टीएचसी म्हणतात. इस्रायलमधील राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढून त्याची रचना सांगितली.

पण ते डोक्यात शिरून नेमके करते काय? आमच्या सहकाऱ्यांनी मला कुलूपकिल्लीची उपमा दिली. आपल्या शरीरातल्या पेशींवर जणू लहान लहान कुलपे असतात. योग्य किल्ली बसली की पेशी कामाला लागते. टीएचसी ज्या कुलपाला लागते ते कुलूप मेंदूत आहे, हे १९८८ साली उंदरांच्या मेंदूवरून कळले. त्याला सीबी-१ म्हणतात. १९९३ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी त्याच जातीचे दुसरे कुलूप दाखवून दिले, ते सीबी-२. हे मुख्यतः प्लीहेत आणि रोगांशी लढणाऱ्या पेशींवर आढळते. पहिल्याला किल्ली लागली की माणसाचे भान सुटते. दुसऱ्याला लागली तर सूज आणि दाह उतरण्याचा संभव असतो, आणि डोके जागच्या जागी राहते.

आता, शरीरात कुलूप आहे ते काही गांजा ओढणाऱ्यांची सोय म्हणून देवाने बसविलेले नाही. त्याची किल्लीही शरीरातच असली पाहिजे. ती १९९२ साली जेरुसलेममध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत सापडली. ज्यांनी ती शोधली त्यांतल्या विल्यम डेव्हेन यांनी तिला नाव दिले 'आनंदामाइड'. आपल्या संस्कृतातल्या 'आनंद' या शब्दावरून. हे वाचले तेव्हा माझी छाती इंचभर फुगली आणि त्या दिवशीचा चहा मी दोनदा पाजला.

आणि मग आली तुळस. तिचे शास्त्रीय नाव बीटा-कॅरियोफायलीन. लवंगेला वनस्पतिशास्त्रात पूर्वी कॅरियोफायलस म्हणत, त्यावरून या द्रव्याचे नाव पडले. ते लवंगेत आहे, मिऱ्यांत आहे, कढीपत्त्यात आहे, तुळशीत आहे. थोडक्यात, आपल्या फोडणीत, गोड्या मसाल्यात आणि अंगणात आहे. भांगेच्या झाडाला जो दर्प असतो तो ज्या सुगंधी तेलाचा, त्या तेलातही ते भरपूर असते, कधी कधी शेकडा ३५ पर्यंत. सुगंधापुरतेच त्याचे महत्त्व, असे फार दिवस समजले जात होते. २००८ साली स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या युर्ग गेर्टश यांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह दाखवून दिले की हे द्रव्य सीबी-२ या कुलपाला बरोबर लागते आणि सीबी-१ ला मुळीच लागत नाही. म्हणजे भांगेत असूनही ते नशेच्या दाराकडे फिरकत नाही.

त्यांनी हे ताडून कसे पाहिले, ते मला फार आवडले. उंदरांच्या पंजाला मुद्दाम सूज आणली आणि त्यांना हे द्रव्य पोटातून दिले. सूज कमी झाली. मग ज्यांच्या शरीरात सीबी-२ हे कुलूपच नाही, अशा उंदरांना तेच दिले. त्यांची सूज जशीच्या तशी राहिली. कुलूपच नाही तर किल्ली काय करणार? तर्कशास्त्राच्या पुस्तकात घालावा असा हा पुरावा आहे.

वाचकहो, मी हर्षभरित झालो. आजवर मी जी म्हण अलंकार म्हणून शिकवीत होतो ती अक्षरशः खरी निघाली होती. वर्गात त्या मुलीचे मी कौतुक केले. पुढचे दोन दिवस भेटेल त्याला हे सांगत सुटलो. आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, मी हा आनंद घेऊन पंचवटीत आत्याकडे गेलो. तिथे जायला नको होते असे नाही. पण जाताना जी काळजी घ्यायला हवी होती ती मी घेतली नाही.

आत्यासंबंधी थोडे सांगायला हवे. मराठीत 'भांग' शब्द दोन लिंगांत चालतो. 'तो भांग' केसांत पडतो आणि 'ती भांग' पाट्यावर वाटली जाते. आमच्या आत्यापुढे गेली पस्तीस वर्षे फक्त पहिलाच चालतो. महाशिवरात्रीला ती न चुकता कपालेश्वराला जाते. पण तिथे कुणी थंडाईचा पेला पुढे केला तर पायाशी विंचू दिसावा तशी मागे सरकते. रंगपंचमीला तिच्या दारात पाऊल टाकणाऱ्याने आधी तोंडाचा वास द्यावा लागतो. नातवंडे हसतात. आम्ही, ज्यांना कारण ठाऊक आहे ते, हसत नाही.

कारण बाळकाका. माझे वडील थोरले, मग आत्या, आणि तिच्याहून दहा वर्षांनी लहान बाळकाका. आत्याने त्याला कडेवर घेऊन वाढविलेला. १९८० साली सिंहस्थ भरला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. तपोवनात साधूंच्या राहुट्या पडल्या आणि बाळकाका संध्याकाळी तिकडे जाऊ लागला. आधी भजनाला, मग धुनीपाशी बसायला, मग चिलीम भरून द्यायला आणि शेवटी ओढायला. मेळा संपला, साधू आपापल्या वाटेने गेले. चिलीम मागे राहिली. दोन-तीन वर्षांत त्याचे कॉलेज सुटले. पुढे त्याला कुणी नसताना बोलणे ऐकू येऊ लागले. भिंतीपलीकडचे लोक माझ्याविरुद्ध कट करतात, असे तो म्हणे.

आज डॉक्टर सांगतात की कोवळ्या वयात आणि सतत गांजा ओढणाऱ्यांत असा मनोविकार जडण्याचा धोका वाढतो. ज्यांच्या प्रकृतीत त्याचे बीज असेल त्यांच्यात अधिकच. बाळकाकाचे डोके गांजाने बिघडले, की ते बिघडणारच होते आणि गांजाने त्याला वाट करून दिली, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मला मात्र तो आठवतो तो वेगळाच. तो मला सायकलच्या दांडीवर बसवून रविवार कारंजावर न्यायचा आणि चिवड्याची पुडी घेऊन द्यायचा. घरी आणताना मात्र गल्लीच्या तोंडाशीच उतरवायचा; म्हणायचा, "तू जा पुढं. मी आलो तर ओरडतील."

१९८९ च्या भाऊबीजेला तो आत्याच्या दारात आला तो तारवटलेल्या डोळ्यांनी. आत ताट तयार होते, पाट मांडलेला होता. आत्याने दार अर्धे उघडून सांगितले, "शुद्धीवर असशील तेव्हा ये." तो काही न बोलता फिरला. त्याच थंडीत तो गेला. तेव्हापासून भाऊबीजेला आत्या रीतीप्रमाणे आधी चंद्राला ओवाळते, मग माझ्या वडिलांना ओवाळते, आणि मग ताट घेऊन पुन्हा एकदा अंगणात जाते. का जाते ते तिला कुणी विचारीत नाही.

अशा आत्याला मी भांगेतल्या तुळशीची गोष्ट सांगायला निघालो होतो. हेतू वाईट नव्हता. ज्या झाडाने तिचा भाऊ नेला त्या झाडातही तिच्या वृंदावनातले काही आहे, हे ऐकून तिच्या मनावरचा जुना दगड थोडा हलेल, असे मला वाटले. शिवाय दुसरेही एक कारण होते. आत्याला सात वर्षांपासून र्‍हुमटॉइड संधिवात आहे. या दुखण्यात शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच उलटतात आणि स्वतःच्या सांध्यांवर चालून जातात. बोटांचे पेर, मनगटे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. आणि वेळेवर उपचार झाला नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. म्हणजे सूज आली, रक्षक पेशी आल्या, सीबी-२ आले. माझ्या डोक्यात सगळे कसे बिनचूक जुळले होते.

आत्या वृंदावनापाशी बसून वाती वळीत होती. 'ती भांग' मी सांभाळून, 'ते झाड, ते झाड' असे म्हणत तिच्यापुढे उलगडली. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे माझ्या तुळशीत आहे ते त्यात होतं?"

"होतं."

"आणि लवंगेत, मिऱ्यात?"

"त्यांतही आहे. लवंगेत तर पुष्कळ."

"आणि ते सुजेवर चालतं?"

"चालतं," मी म्हणालो.

आता आठवून पाहतो, तर मी 'उंदरांत चालतं' असे म्हणालो होतो की नुसते 'चालतं' म्हणालो होतो? मन म्हणते, पहिले. पण मन आपल्याला सोयीचीच साक्ष देते. वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की वाक्यातला एक शब्द गळला तर अर्थाचा अनर्थ होतो. तो शब्द त्या दिवशी बहुधा माझ्याच तोंडून गळला.

पुढे श्रावण आला, माझ्या परीक्षांच्या बैठका आल्या, आणि पंचवटीला जाणे झाले ते एकदम गणेशचतुर्थीला. आत्याच्या हातचे उकडीचे मोदक ही आमच्या घरची मिरवायची गोष्ट. एका मोदकाला एकवीस पाकळ्या, एकसारख्या. यंदा ताटातले मोदक गोल लाडवासारखे दिसले. "शेजारच्या सूनबाईंनी केले," आत्या म्हणाली. मी तिच्या हातांकडे पाहिले. मनगटे सुजून बांगड्या रुतल्या होत्या. वाटी उचलायला तिला दोन्ही तळवे लावावे लागत होते.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा सगळा उलगडा झाला. ओट्यावर एका बरणीत लवंगा, दुसरीत मिरी आणि शेजारी तुळशीच्या काढ्याचे भांडे. आणि फळीवर, देवाच्या पोथीमागे, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांची पट्टी, एकही गोळी न फोडलेली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आत्याचा वार रविवार. सहा रविवार तिने ती घेतली नव्हती. तिला कुणीतरी सांगितले होते की हीच गोळी मोठ्या मात्रेत कर्करोगाला देतात. तेव्हापासून तिला त्या गोळीची भीती होतीच. मग भाच्याने, तेही प्राध्यापक असलेल्या भाच्याने, सांगितले की सुजेवरचे औषध अंगणातच आहे. तिने काय चुकीचे केले?

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी बोटे दाबून पाहिली, रक्त तपासायला दिले आणि विचारले, "आजी, गोळी कुणाच्या सांगण्यावरून थांबवली?"

"कुणाच्या नाही हो. माझ्याच मनानं," आत्या म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

सत्तरी ओलांडलेली बाई माझ्यासाठी खोटे बोलते आहे, हे माझ्याच्याने ऐकवेना. मी म्हणालो, "डॉक्टर, मी सांगितलं." आणि वर्गातल्या त्या मुलीपासून झुरिकपर्यंत सगळी हकिकत कबूल केली.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी कागद ओढला आणि मला गणित घातले. "सर, त्या उंदरांना दर किलो वजनामागे पाच मिलिग्रॅम दिलं होतं. आजींचं वजन पन्नास किलो. किती झाले?"

"अडीचशे," मी म्हणालो.

"एक ग्रॅम लवंगांत हे द्रव्य साधारण दहा ते वीस मिलिग्रॅम धरा. म्हणजे रोज बारा ते पंचवीस ग्रॅम लवंगा. मोजल्या तर दीड-दोनशे भरतील. तुळशीच्या पानात तर एकूण सुगंधी तेलच शेकडा एकाहून कमी. मग आजींनी वृंदावनच खायला हवं. उंदराचं माप माणसाला असं सरळ लागू होत नाही, ते वेगळंच. आणि दोनशे लवंगा कुणी खाल्ल्याच, तर लवंगेच्या तेलात मुख्य असतं ते युजेनॉल. ते अति झालं की पोटाला आणि यकृताला बाधतं. ज्या यकृतासाठी मी आजींचं रक्त वरचेवर तपासते, त्यालाच."

मी खालमानेने विचारले, "म्हणजे ते सगळं खोटंच का?"

"खोटं कशाला असेल? अपुरं आहे," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी मला त्याच झाडातल्या दुसऱ्या एका बिननशेच्या द्रव्याची गोष्ट सांगितली. ती मी इथे मुद्दाम देतो, कारण औषध कसे जन्माला येते ते तिच्यात दिसते.

त्या द्रव्याचे नाव कॅनाबिडायॉल, म्हणजेच सीबीडी. १९८० साली, म्हणजे आमचा बाळकाका तपोवनात जाऊ लागला त्याच वर्षी, ब्राझीलमध्ये अपस्माराच्या आठ रोग्यांना ते देऊन पाहिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बऱ्याच जणांचे झटके कमी झाले. पण आठ रोग्यांवरून औषध ठरत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, लहान मुलांना होणाऱ्या दोन अतिशय कठीण अपस्मारांवर त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. काहींना औषध, काहींना तसेच दिसणारे बिनऔषधाचे पाणी. कुणाला काय मिळाले ते ना आईबापांना ठाऊक, ना डॉक्टरांना. झटके खरोखर कमी होतात असे ठरल्यावर जून २०१८ मध्ये अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. मात्रा वजनावर मोजून द्यायची, यकृताची तपासणी करीत राहायची. "आणि एक लक्षात ठेवा, सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या मुलांची आधीची औषधं चालूच होती. हे त्यांच्या जोडीला दिलं. आधीची गोळी पोथीमागे ठेवून नाही."

आठ रोग्यांपासून मान्यतेपर्यंत अडतीस वर्षे. आणि माझी तुळस? तिच्या नावावर उंदरांवरचे पुष्कळ प्रयोग आहेत, दाह आणि वेदना उतरल्याचे निष्कर्ष आहेत. खाद्यपदार्थांत सुवास म्हणून ती सर्रास वापरली जाते. पण माणसांच्या संधिवातावर नि:शंक कौल देणाऱ्या मोठ्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत. त्या झाल्या आणि तिचे औषध झाले तर मी पेढे वाटीन. तोवर ती मसाल्याच्या डब्यात आणि वृंदावनातच शोभते.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलाच्या खणात तेलाच्या चार-पाच बाटल्या होत्या. रोग्यांनी आणून दाखविलेल्या. त्यांच्यावर 'विजया' असे नाव होते. विजया हे आयुर्वेदातले भांगेचे जुने नाव आहे. फोनवर जाहिरात पाहायची, घरपोच मागवायची आणि गुडघ्यापासून झोपेपर्यंत सगळ्यांवर घ्यायची. पण आपल्या वैद्यांनीही ही वनस्पती कधी खेळण्यासारखी हाताळली नाही. त्यांनी तिची गणना उपविषांत केली, शोधन केल्यावाचून ती देऊ नये असे सांगितले आणि मात्रा ठरविल्या. शार्ङ्गधर संहितेत, पचायच्या आधीच सर्व शरीरात पसरणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांचीच नावे आहेत. आजचा कायदाही आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग धरतो आणि अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावीत असे बजावतो. जुने शास्त्र आणि नवे शास्त्र या एका बाबतीत एकमताने बोलतात: मोजून, पाहून, जाणत्याला विचारून. घाई असते ती मधल्या माणसाला. म्हणजे विकणाऱ्याला आणि माझ्यासारख्या, अर्धे वाचून पुरे सांगणाऱ्याला.

गोळी पुन्हा सुरू झाली. तिचा गुण यायला आठवडे लागतात. तो काळ आम्ही मोजून काढला. नवरात्रात आत्याची मूठ अर्धी वळू लागली. परवा गेलो तेव्हा ती पुन्हा वाती वळीत बसली होती. सावकाश, पण वळीत होती. डावी करंगळी मात्र थोडी वाकडीच राहिली आहे. ती सरळ होईलच असे डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. ती करंगळी मला माझ्या 'चालतं' या शब्दाची आठवण देत राहील.

रविवारी गोळी घेताना आत्या हल्ली वृंदावनापाशी उभी राहते. गोळी पाण्याबरोबर घेते आणि वर तुळशीचे एक पान तोंडात टाकते. "गोळी डॉक्टरीणबाईंची, पान माझं," असे म्हणते. या वाटणीवर डॉक्टरीणबाईंचीही हरकत नाही. मीही वर्गात जाऊन म्हण पुन्हा शिकविली. या वेळी त्या मुलीची गोष्ट पुरी सांगितली आणि फळ्यावर 'उंदरांत' हा शब्द लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. मुलांना त्याचे कारण सांगितले. वर्ग हसला नाही.

आत्याकडून निघताना ती म्हणाली, "मास्तर, तू म्हणालास ते खरं ना? त्या झाडात तुळसही होती?"

"होती," मी म्हणालो. "पण आत्या, तिनं बाळकाकाला वाचवलं नसतं. ओढणाऱ्याला झाडातलं सगळंच मिळतं आणि नशाच वरचढ ठरते."

"ते कळलं रे मला," ती म्हणाली. "मी झाडाचं नाही विचारत."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग तिला सायकलची, चिवड्याच्या पुडीची आणि गल्लीच्या तोंडाशी मला उतरवून देणाऱ्या बाळकाकाची गोष्ट सांगितली. ती तिला ठाऊक नव्हती. इतकी वर्षे त्याचे नावच निघत नसल्यामुळे ती सांगायची कुणालाच सुचले नव्हते. तिने ती दोनदा ऐकली.

"माळ्यावरच्या ट्रंकेत त्याचा एक फोटो आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नातला. दिवाळीच्या आत तेवढा काढून दे."

ट्रंक जड आहे आणि माळ्याची शिडी मोडकी आहे. येत्या रविवारी मुलाला बरोबर घेऊन जाणार आहे.